तांबड्या मोटारीची पितळी पट्टी

१

पोळ्यानंतर दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं पांढुर्णा डोक्याला फडकी बांधून हिंडत होतं. ज्याचं डोकं शाबूत, तो आदल्या दिवशी घरात दडून बसला होता असं खुशाल समजावं. मोरेश्वर खोडे त्या शाबूत डोक्यांपैकी एक. हा गडी स्टेशनावर पार्सलबाबू. कुणाचं लोणच्याचं पिंप इटारसीला गेलं, कुणाच्या लग्नाचा पेटारा वर्ध्यालाच उतरला, हे शोधण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. वस्तू हरवली की माणसं आधी ओरडतात आणि मग विचार करतात, हे त्याला पाठ झालं होतं.

आणि समोर तेच चाललं होतं. केशवराव धोट्यांच्या दारात पन्नासेक माणसं जमली होती. मधोमध त्यांचा ड्रायव्हर कवडू हात जोडून उभा होता आणि केशवराव बेंबीच्या देठापासून ओरडत होते.

"सात वर्षं माझं मीठ खाल्लं अन् जाता जाता माझाच गळा कापला? चोर लेकाचा!"

"मालक, देवाशप्पथ, मी हात नाही लावला," कवडू म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

मोरेश्वर गर्दीतून पुढे घुसला. "काय गेलं, केशवराव?"

"पट्टी गेली, बाबू! मोटारीची पितळी पट्टी! तुम्हीच सांगा, कुलूप शाबूत, किल्ली या बेट्यापाशी, अन् पट्टी गायब. मंग काय भुतानं नेली? फौजदाराले निरोप धाडला आहे. तो दगड लागलेल्यांचे जबाब घेऊन राहिला, संध्याकाळी येतो म्हणाला. संध्याकाळी हा आत जाते, बस!"

कवडूनं मोरेश्वरकडे पाहिलं. चोर म्हणून एकदा बेडी पडली, की नागपूरपासून छिंदवाड्यापर्यंत कुणी त्याच्या हाती स्टिअरिंग देणार नव्हतं, आणि घरी म्हातारी माय होती. हे त्यालाही कळत होतं, मोरेश्वरलाही.

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे न?" मोरेश्वर म्हणाला. "मंग तोवर मले शोधू द्या. हरवलेला माल शोधणं माझं काम आहे."

२

त्या मोटारीची कथा गावात पोरंसोरंही सांगायची. संस्थानं विलीन झाली, राजेलोकांचे हत्तीघोडे आणि मोटारी लिलावात निघाल्या, तेव्हा केशवराव कापसाच्या सौद्याला म्हणून गेले आणि इटालीची तांबडी शर्यतीची मोटार घेऊन आले. चार माणसांची, उघड्या टपाची, नवी असताना म्हणे लाखाच्या घरातली. केशवरावांना पडली बेचाळीसशेला. गावानं तोंडात बोटं घातली. वाटलं, गड्यानं बाजी मारली!

बाजी कसली, बाप्पा! हत्ती स्वस्तात मिळतो, पण त्याचा खुराक कोण देणार? ही बया सहा मैलांत गॅलनभर पेट्रोल प्यायची. इंजिनाला साधं तेल चालत नसे, शुद्ध एरंडेल लागायचं. गावात पोट साफ करायला एरंडेल मिळेनासं झालं, ते धोट्यांच्या मोटारीपायी. टायर मुंबईहून, प्लग बोटीनं, गॅस्केटसाठी पाच महिने वाट. प्रत्येक खोक्यावर सही मोरेश्वरनंच घेतली होती, म्हणून त्याला पक्कं ठाऊक होतं, की बेचाळीसशेच्या मोटारीनं सात वर्षांत अकरा हजार खाल्ले. एवढं करून महिन्यातून दोनदा ती बैलजोडीनं ओढत घरी यायचीच.

आणि अचानक देव पावला. मुंबईच्या एका पारशी शेटजीचं पत्र आलं. ते विमानाच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती खेळायचे. आठ हजार देतो म्हणाले! अट एकच. इंजिनामागच्या पत्र्यावर कारखान्यानं जडवलेली नंबराची मूळ पट्टी हवी. चौकटीवर कोरलेला आकडा संस्थानच्या लोहारानं डागडुजीत घासून टाकला होता. तेव्हा ही मोटार अस्सल तीच, याला पुरावा एवढं वीतभर पितळ. पट्टी असेल तर आठ हजार, नसेल तर भंगाराचे आठशे. शिवाय घाई होती. दोन महिन्यांनी राज्य बदलणार, नागपूर सुटून भोपाळ राजधानी होणार, आणि मोटारीची फाइल कुठल्या पोत्यात जाईल याचा नेम नव्हता. म्हणून शेटजी आजच पाचच्या गाडीनं उतरणार होते.

मोरेश्वरनं गॅरेज उघडायला लावलं. बॉनेट वर केलं. पट्टीच्या जागी फिकट चौकोन उरला होता. त्यानं चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं.

"केशवराव, हे स्क्रू कोणी बसवले?"

"कोणते?"

"पट्टी गेली, पण चारही स्क्रू आपापल्या भोकात परत पिळून ठेवले आहेत."

चोर कधी स्क्रू परत लावत बसतो होय? मोरेश्वर आणखी वाकला. स्क्रूंच्या खाचा दोन्ही कडांना खरवडल्या होत्या. पेचकस असा घसरत नाही. जाड, गोल धारेचं काहीतरी घातलं होतं, म्हणजे बंदा रुपया. स्क्रू मात्र सहज फिरले असणार, कारण कवडू दर शनिवारी त्यांना एरंडेलाचं बोट लावायचा.

"अन् हे पाहा!" केशवराव पुढच्या मडगार्डकडे बोट दाखवून म्हणाले. दोन्ही मडगार्डांवर हळदीचा पिवळा हात होता. "जादूटोणा करून राहिला होता हा!"

कवडू खाली मान घालून म्हणाला, "पोळ्याच्या आदल्या दिवशी मी लावली, मालक. सारे आपापल्या बैलाचे खांदे हळद-लोण्यानं शेकतात. मले कुठचा बैल? माह्या पोटाले हीच घालते. म्हटलं, हिचेही खांदे शेकावे."

गर्दीतले दोघेतिघे हसले. मोरेश्वर हसला नाही. त्याची नजर मोटारीच्या पुढच्या दांडीवर गेली होती. तिथं एक दोर बांधला होता.

"हा ओढायचा दोर का?"

"असंल," केशवराव वैतागून म्हणाले. "हिले दोर काय नवा आहे?"

मोरेश्वरनं भिंतीकडे पाहिलं. मनगटाएवढा काथ्याचा जाड दोर खुंटीवर व्यवस्थित गुंडाळलेला होता. मग हा बोटभर जाडीचा, कोराकरकरीत सुताचा दोर कोणाचा? यानं मोटार तर सोडाच, हातगाडीही ओढली नसती.

३

"रात्री घरात कोण कोण होतं?" त्यानं विचारलं.

"मी, सरला, वसंता. बस, तीन माणसं. अन् किल्ल्या दोन. एक या कवडूपाशी, दुसरी स्वयंपाकघरात खिळ्याला. आता घरचं माणूस आपल्याच मोटारीची चोरी करंल का?"

मोरेश्वरच्या अनुभवानं हरवलेली निम्मी पार्सलं घरच्याच माणसांनी हरवलेली असत. तो ओसरीकडे वळला.

केशवरावांचा धाकटा भाऊ वसंता ओसरीवर पाय पसरून बसला होता. नागपूरला कॉलेजात जायचा. मोटार विकायचं निघाल्यापासून त्यानं दादाशी अबोला धरला होता.

"मला नको होतं विकायला, हे साऱ्या गावाला माहीत आहे," तो म्हणाला. "पण मोरेश्वरकाका, मी काढली असती तर पेचकसानं काढली असती. माझ्या खोलीत चार पडलेत. अन् पट्टीच कशाला? कार्ब्युरेटर काढून विहिरीत टाकला असता, म्हणजे कोणीच नेली नसती."

बोलणं उद्धट होतं, पण खोटं वाटलं नाही.

नत्थूजी मिस्त्री कापसाच्या जिनिंगजवळच्या आपल्या टपरीत भेटला. मोटारीच्या दुरुस्तीतून त्याचं घर उभं राहिलं, असं लोक म्हणायचे.

"माझ्यावर शक?" तो भडकला. "बाबूजी, ही मोटार गेली न, तर मी मारुतीले नारळ फोडतो. पैसे मिळाले, खोटं कायले बोलू? पण सात वर्षांत माझे केस पिकले. कालवा उघडला तर पाट बंद, पाट उघडला तर कालवा बंद, असं तिचं इंजिन! मी त्या पट्टीले हात लावून काय करू? त्यावर एक अक्षर वाचता येत नाही मले."

राहिल्या केशवरावांच्या पत्नी सरलाबाई. त्या नागपूरच्या मास्तरांच्या लेक. मोटारीचं नाव काढलं की कपाळावर आठी.

"मी चोरीन?" त्या हसल्याच. "भाऊजी, त्या सवतीच्या एरंडेलाचा वास माझ्या लुगड्याला येतो. ती जावी म्हणून मी सोळा सोमवार धरलेत! काल रात्री तर आनंदानं गोड केलं. माझ्यासकट चार पानं मांडली, पुरणपोळी आग्रह करकरून वाढली."

मोरेश्वर उठायला निघाला होता, तो पुन्हा बसला.

"चार पानं?"

"हो."

"केशवराव म्हणाले, घरात तीनच माणसं होती."

४

"अहो, चौथ्या आमच्या वन्सं," सरलाबाई म्हणाल्या. "जयवंता अक्का. दरवर्षी घरचा पोळा झाला की चंडीच्या दर्शनाला येतात, एक रात्र राहतात अन् पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं परत जातात. त्यांना काय पाहुण्यांत मोजायचं?"

जयवंताबाई म्हणजे केशवरावांची थोरली बहीण. मोहगावच्या शिवारात संत्र्याचा बगीचा आणि सहा बैलजोड्या ही बाई नवऱ्याच्या मागं एकटीनं सांभाळायची. सौसरच्या बैलबाजारात ती उतरली की दलाल आवाज खाली घ्यायचे.

"अक्का?" मोरेश्वरनं तिचं नाव काढताच केशवराव संतापले. "बाबू, तुमचं डोकं फिरलं का? काल मोटार विकतो म्हणून सांगितलं तर मले म्हणाली, चांगलं केलं, केशव. ती कायले पट्टी नेईल? तिले काय कमी आहे?"

मोरेश्वर परत गॅरेजात गेला आणि त्या सुताच्या दोरापाशी उकिडवा बसला. गाठ पाहिली. अशी गाठ त्याचा बाप मारायचा, बोरगावला. मोरेश्वर सात-आठ वर्षांचा असताना बापानं ढवळ्या विकला होता. घेणारा बैल घेऊन निघाला, तेव्हा बापानं ढवळ्याच्या गळ्यातलं जुनं दावं सोडून हातात घेतलं आणि कोरं दावं घातलं. पोरगा मोरेश्वर ते जुनं दावं छातीशी धरून रडला होता.

"कवडू," तो हळूच म्हणाला, "बैल विकला तर दावं कोणाचं?"

"विकणाऱ्याचं, बाबूजी. दावं नाही देत कोणी. दावं गेलं तर दावणीची बरकत जाते."

म्हणता म्हणता कवडूचे डोळे मोठे झाले.

"तुह्याकडं बैल नाही, नत्थूजीकडं नाही, या घरात नाही. काल रात्री इथं होते त्यांत बैल फक्त अक्काकडं," मोरेश्वर उभा राहत म्हणाला. "केशवराव, मोहगावले जाऊन यायचं आहे. आता एक वाजला. मोटार चालू होते न? पट्टी गेली आहे, इंजिन नाही."

"चालवणार कोण?"

"कवडू."

"अन् हा वाटेत पळाला तर?"

"पळाला तर माझी बावीस वर्षांची नोकरी तुमच्या नावानं लिहून देतो," मोरेश्वर म्हणाला. घरी त्यालाही तीन पोरी होत्या.

५

काय सांगावं त्या बयेचं! सात वर्षांत जी कधी सौसरच्या नाक्यापलीकडे न कुरकुरता गेली नाही, ती त्या दिवशी हरणासारखी पळाली. कवडूनं गिअर टाकला की इंजिन खर्जात गायचं. दोन्ही बाजूंचे कपाशीचे पट्टे मागं पडत होते, बैलगाड्या बाजूला सरत होत्या आणि मागच्या सीटवर केशवराव टोपी धरून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू वाऱ्यावर गेला. मध्येच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा रे पठ्ठे!" मोटारीला म्हणाले की कवडूला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मोहगावच्या अलीकडे मात्र पेट्रोलचा काटा निम्म्यावर आलेला दिसला आणि विकायचा निश्चय पुन्हा पक्का झाला.

जयवंताबाई गोठ्यापाशी उभ्या होत्या. भाऊ, पार्सलबाबू आणि मोटार पाहून त्यांनी पदर खोचला.

"काऊन रे केशव? काल तर बरा होता."

मोरेश्वर पुढे झाला. "अक्का, तुमी मोटारीचं दावं आणलं न?"

त्या जराशा लाजून म्हणाल्या, "आणलं. मंग? आणा लागते न? ती आली त्या वर्षापासून केशवची भरभराट झाली. मुकाट्यानं दुसऱ्याच्या दारी जाऊ देऊ का सारी बरकत? तुमाले सांगितलं असतं तर वसंता खीं खीं करून हसला असता. कॉलेजात शिकते तो."

"अक्का, पण पट्टी कायले काढली तुमी?" केशवरावांचा आवाज रडकुंडीला आला होता.

"तिच्या गळ्यात दावं कुठं होतं? अंगावरचं काहीतरी ठेवा लागते. चाक काढू का? दिवा काढू? म्हटलं, जनावर आंधळं-लंगडं करून नाही द्यायचं. साऱ्या इंजिनात नीट पाहिलं. सारं कशाले न् कशाले जोडलेलं. एक ते पितळंच काही काम करून नव्हतं राहिलं. म्हटलं, हा निव्वळ दागिना आहे. रुपयानं पेच फिरवले, पुन्हा लावून दिले, अन् उघड्या गळ्यानं जाऊ नये म्हणून नवं दावं बांधलं. माझ्या बैलजोडीसाठी घेतलेलं."

गोठ्याच्या खांबावर, विकलेल्या बैलांच्या जुन्या दाव्यांच्या रांगेत, तांबड्या धाग्यानं बांधलेली पितळी पट्टी लटकत होती. कपाळाला कुंकू लावलेली.

केशवराव मटकन खाली बसले. "अक्का, एवढ्या मोटारीत जे काहीच काम करत नव्हतं, त्याचेच आठ हजार होते! बाकी भंगार!"

"असं का?" जयवंताबाईंना ते काही पटलं नाही. "मंग घेणारा येडा आहे, बाप्पा." मग त्यांची नजर कवडूकडे गेली. चाकापाशी उभा होता तो, ओठ घट्ट मिटून. "अन् याचं तोंड असं काऊन?"

मोरेश्वरनं सांगितलं. चोर ठरवलं, साऱ्या गावासमोर, संध्याकाळी फौजदार येणार आहे.

जयवंताबाईंचा चेहरा उतरला. मग तापला. त्यांनी पट्टी खांबावरून काढून मोरेश्वरच्या हातात दिली, जोडे घातले आणि मोटारीत जाऊन बसल्या.

"चल. जिथं वरडला न केशव, तिथंच उभा राहून बोलशील. घरात नाही, दारात."

६

साडेचारला मोटार दारात उभी राहिली. फौजदार ओसरीवर चहा पीत बसले होते. गर्दी सकाळपेक्षा वाढली होती. तमाशा कोणाला नको असतो? नत्थूजी मिस्त्रीही टपरी बंद करून आला होता.

केशवराव खाली उतरले. एकदा बहिणीकडे पाहिलं, घसा खाकरला.

"सगळ्यांनी ऐका," ते म्हणाले. "पट्टी आमच्या घरच्याच माणसानं नेली होती, चांगल्या मनानं. कवडू चोर नाही. मी त्याले चोर म्हटलं, मी चुकलो. फौजदारसाहेब, तक्रार नाही आपली." आणि मग, कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी ड्रायव्हरपुढं हात जोडले. "माफ कर, गड्या."

दिवसभर ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तो कवडू मोटारीच्या पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडला. फौजदारांनी कप खाली ठेवला आणि कागद फाडला. मोरेश्वरला एवढं मोकळं वाटलं, की त्यानं आयुष्यात पहिल्यांदा फौजदाराकडे तंबाखू मागितली.

पुढचं सगळं भराभर झालं. पाचच्या गाडीनं शेटजी उतरले. पट्टी पाहिली, भिंगानं आकडा वाचला, कुंकवाचं काय ते विचारलं आणि उत्तर ऐकून पोट धरून हसले. आठ हजार मोजले. इंजिन ऐकून म्हणाले, एवढ्या लांब खेड्यात ही कोणी जिवंत ठेवली? सगळ्यांनी कवडूकडे बोट दाखवलं. मुंबईला चल म्हणाले, पण कवडूनं नकार दिला. आठ हजार येऊनही केशवरावांना सात हजारांच्या वर खोट बसली होती, पण मोटार वळणाआड गेली तेव्हा त्यांनी जो श्वास सोडला, तो समोरच्या किराणा दुकानात ऐकू गेला असेल. सरलाबाईंनी गॅरेज तिथल्या तिथं धुवायला काढलं. कवडूला अक्कांची संत्री वाहणाऱ्या ट्रकवर ठेवायचं ठरलं, पगारात दहा रुपये वाढवून. वसंता तेवढा रात्री जेवला नाही.

मोरेश्वरची वाट कवडूच्या घरावरूनच जायची. दोघं बोलत बोलत निघाले. म्हणजे कवडूच बोलत होता, दिवसभराचं साचलेलं सारं.

कवडूची माय अंबाबाई दारात बसली होती. तिला सगळं सकाळीच कळलं होतं, गावात अशी बातमी कुणी दाबून ठेवत नाही. लेकाला पाहून ती उठली नाही.

"सोडलं?"

"सोडलं, माय. मी नव्हतंच केलं."

"मले मालूम होतं," म्हातारी म्हणाली. "तू असं करणारच नाही, मले सकाळपासून मालूम होतं."

मोरेश्वरची नजर उंबऱ्याशी गेली. तिथं एक गाठोडं बांधून ठेवलं होतं. घोंगडी, दोन धोतरं, जेवायची ॲल्युमिनियमची ताटली आणि चार भाकरी, कैद्याला नेऊन द्यायला म्हणून नीट बांधलेलं. अंबाबाईला त्याची नजर दिसली. तिनं गाठ सोडली, घोंगडी झटकून परत दांडीवर टाकली आणि त्याच चार भाकरी चुलीवर गरम करायला ठेवल्या.

"बसा बाबूजी," ती आतून म्हणाली. "चार हाईत. तिघांत पुरतील."